फारामिरचा अनावश्यक मोह : ‘द टू टॉवर्स’विषयी काही प्राथमिक निरीक्षणे

पीटर जॅक्सन यांचा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द टू टॉवर्स’ हा चित्रपट डिसेंबर २००२ मध्ये प्रदर्शित झाला. जे. आर. आर. टॉल्किन यांची कादंबरी १९५४-५५ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाली होती. तिच्या मधल्या खंडावर हा चित्रपट आधारलेला आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळाले, आणि ध्वनिसंपादन व दृश्यपरिणाम यांसाठी पुरस्कारही मिळाले. चित्रपट नवा असताना कादंबरीच्या वाचकांनी एक तक्रार मात्र आवर्जून केली होती. ती अशी की, पटकथेने फारामिर बिघडवला. पुढे हा चित्रपट अभिजात गणला जाऊ लागला आणि ही तक्रार पुस्तकनिष्ठांची कुरकुर म्हणून बाजूला पडली. या पहिल्या प्रतिक्रियेकडे पुन्हा एकदा गांभीर्याने पाहावे, असे मला वाटते. मूळ कृतीत फेरफार केल्याचा राग तिच्यात होताच. पण स्थिर, विचाराने घडलेला चांगुलपणा आजच्या कथनपद्धतीत बसतो की नाही, हा त्याहून मोठा प्रश्नही तिच्यात होता.

आधी पटकथाकारांच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हटले पाहिजे. मधल्या खंडाचे रूपांतर करणे हे मुळातच अवघड काम आहे. टॉल्किन यांच्या दृष्टीने ही एकच सलग कादंबरी होती; तिचे खंड झाले ते प्रकाशनाच्या सोयीसाठी. त्यामुळे मधल्या खंडाला स्वतःचा आरंभही नाही आणि शेवटही नाही. शिवाय त्याचे दोन स्वतंत्र भाग आहेत. पहिल्या भागाच्या अकरा प्रकरणांत ॲरागॉर्न, गॅन्डाल्फ, मेरी व पिपिन यांची हकीकत येते. दुसऱ्या भागाची दहा प्रकरणे केवळ फ्रोडो, सॅम आणि गॉलम यांची आहेत. एका भागात असताना दुसऱ्या भागातल्या माणसांचे काय चालले आहे, याचा वाचकाला पत्ता नसतो. नायकाला निम्मा चित्रपट पडद्याआड ठेवणे दिग्दर्शकाला परवडणारे नाही. जॅक्सन यांनी हे दोन धागे एकमेकांत गुंफले, ते योग्यच केले. शेलॉब या राक्षसी कोळिणीचा प्रसंग त्यांनी तिसऱ्या चित्रपटात नेला, त्यालाही आधार आहे. कादंबरीच्या परिशिष्टातला कालानुक्रम पाहिला, तर हा प्रसंग तिसऱ्या खंडातल्या मिनास तिरिथच्या वेढ्याच्या सुमारासच घडतो.

चित्रपटाचे यशही निर्विवाद आहे. अँडी सर्किस यांनी साकारलेला गॉलम हा संगणकीय प्रतिमा आणि अभिनय यांच्या मीलनाचा एक मानदंड ठरला. त्याच्या दोन मनांचा आपसांतला वाद हा प्रसंग तर कोणत्याही रंगभूमीला अभिमान वाटावा असा आहे. मुलाच्या थडग्यापाशी कोसळणारा राजा थिओडेन एकदा पाहिला की विसरता येत नाही. आक्षेप आहे तो दिग्दर्शनाच्या कौशल्यावर नाही, पटकथेच्या एका सवयीवर आहे.

ही सवय तीन ठिकाणी दिसते. कादंबरीत गॅन्डाल्फने शुद्धीवर आणलेला थिओडेन लगेच युद्धाला निघतो. वाटेत पराभवाची वार्ता येते म्हणून हेल्म्स डीपच्या किल्ल्याचा आश्रय घेतो. चित्रपटातला थिओडेन उघड युद्धच नाकारतो आणि प्रजेला घेऊन त्या किल्ल्याकडे निघतो. कादंबरीत वृक्षपाल एन्टांची सभा तीन दिवस चालते. सगळ्या बाजूंनी विचार करून ते सारुमानवर चाल करण्याचा निर्णय घेतात. चित्रपटात हीच सभा ‘हे युद्ध आमचे नाही’ अशा निष्कर्षाला येते. मग पिपिन युक्तीने ट्रीबिअर्डला तोडलेल्या जंगलाकडे नेतो, आणि ते दृश्य पाहून संतापलेले एन्ट युद्धाला निघतात. तिसरा फारामिर. तिघांच्याही बाबतीत मूळ कथेतला निर्णय विवेकातून, चर्चेतून किंवा संस्कारातून आला आहे. पटकथा तो आधी नकारात बदलते आणि मग एखाद्या धक्क्याने तो नकार मोडून काढते. शांतपणे विचार करून माणूस योग्य निर्णयापर्यंत पोहोचू शकतो, यावर तिचा विश्वास दिसत नाही.

फारामिरच्या बाबतीत या अविश्वासाची किंमत सर्वांत अधिक मोजावी लागते. त्याचा थोरला भाऊ बोरोमिर याने अंगठीच्या मोहाने फ्रोडोवर हात टाकला होता, हे आपण जाणतो. इथिलिएनच्या अरण्यात फ्रोडो आणि सॅम सापडतात ते याच बोरोमिरच्या धाकट्या भावाच्या हाती. परवानगीशिवाय त्या प्रदेशात फिरणाऱ्याला ठार करावे, अशी त्याला आज्ञा आहे. तो दोघांची चौकशी करतो, आपल्या गुप्त तळावर नेतो, जेवू घालतो. फ्रोडो काहीतरी लपवतो आहे, हे त्याला कळते. पण अशी वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी आपण ती उचलणार नाही, असे तो सांगून टाकतो. नंतर बोलण्याच्या ओघात सॅमच्या तोंडून अंगठीचा उल्लेख निसटतो. फारामिर उठून उभा राहतो. त्याचे डोळे चमकतात, तो विचित्र हसतो. आता आपली योग्यता दाखवण्याची संधी गॉन्डोरच्या या सेनानायकाला आली आहे, अशा आशयाचे काही बोलतो. दोघे हॉबिट भिंतीला पाठ लावून तलवारी चाचपू लागतात. पुढच्याच क्षणी तो शांतपणे खाली बसतो.

हा प्रसंग बारकाईने वाचला, तर त्यातला ताण कुठे आहे हे ध्यानात येते. तो फारामिरच्या मनात नाही. तो फ्रोडोच्या, सॅमच्या आणि आपल्या मनात आहे. आपण बोरोमिर पाहिलेला असल्यामुळे त्याच्या भावाकडूनही तेच अपेक्षितो. चित्रपटात हेच वाक्य कायम ठेवले आहे, पण त्याचा रोख उलटा केला आहे. तिथे फारामिर तलवारीच्या टोकाने फ्रोडोच्या गळ्यातली साखळी उचलतो, अंगठी न्याहाळतो आणि दोघांना कैदी म्हणून गॉन्डोरकडे नेतो. कादंबरीत ज्या वाक्याला कलाटणी मिळते, ते चित्रपटात सरळ धमकी बनते.

पटकथाकारांनी या बदलाचे समर्थन जाहीरपणे केले आहे. फिलिपा बॉयन्स यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: अंगठी सर्वांना मोहात पाडते हे दोन चित्रपटांतून ठसवल्यावर एखादे पात्र तिला सहज नाकारू लागले, तर तिचे सामर्थ्यच नाहीसे होते. शिवाय शेलॉब पुढच्या चित्रपटात गेल्यामुळे फ्रोडोच्या धाग्याला या चित्रपटात उत्कर्षबिंदू उरत नाही. दुसरा मुद्दा व्यावहारिक असून तो मान्य करता येईल. पहिला मात्र जॅक्सन यांच्याच २००१ च्या चित्रपटाने खोडून काढला आहे. त्या चित्रपटाच्या शेवटी फ्रोडो उघड्या तळहातावर अंगठी ठेवून ॲरागॉर्नपुढे धरतो. ॲरागॉर्न गुडघ्यावर बसतो आणि फ्रोडोची मूठ मिटवतो. हा प्रसंग कादंबरीत नाही. तो पटकथाकारांनीच रचला आहे, आणि उत्तम रचला आहे. तो पाहून अंगठीचे सामर्थ्य कमी झाले, असे कोणत्याही प्रेक्षकाला वाटले नाही. उलट, नकार देणाऱ्याचे मोल वाढले. जे ॲरागॉर्नच्या बाबतीत साधले, ते फारामिरच्या बाबतीत अशक्य का मानावे? अंगठी काय करू शकते, याचा चालताबोलता पुरावा म्हणून गॉलम तर संपूर्ण चित्रपटभर समोर आहेच.

बदल केल्यावर तो निभावणेही पटकथेला जड गेले आहे. ऑस्गिलिअथच्या उद्ध्वस्त नगरात फ्रोडो भारल्यासारखा शत्रूच्या उडत्या स्वारासमोर उभा राहतो आणि अंगठी बोटात घालू पाहतो. सॅम त्याला खेचतो. फ्रोडो सॅमच्याच गळ्याला तलवार लावतो. हे पाहिल्यानंतर फारामिर दोघांना सोडून देतो. वास्तविक, ज्याच्या हातून अंगठी आताच शत्रूला मिळता मिळता राहिली, त्याच्याच स्वाधीन ती पुन्हा करण्याचे हे कोणते कारण? सॅमच्या भाषणाने त्याचे मन हेलावते, असे आपण समजायचे आहे. प्रेक्षकाचे मन हेलावते, हे खरे. पण सेनापतीचा निर्णय त्याने सिद्ध होत नाही.

मराठी वाचकाला या संदर्भात भरत आठवल्यावाचून राहणार नाही. हे साम्य केवळ स्वभावाचे नाही, पदाचेही आहे. फारामिर ज्या घराण्यातला आहे ते गॉन्डोरच्या कारभाऱ्यांचे घराणे. राजवंश परतेपर्यंत राज्य सांभाळणे हे त्यांचे काम. सिंहासन उंचावर रिकामे असते आणि कारभारी त्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर, काळ्या दगडाच्या साध्या आसनावर बसतो. राजा परतलाच नाही, तर कारभाऱ्याचा राजा व्हायला किती शतके लागतील, असा प्रश्न लहानपणी बोरोमिरने वडिलांना विचारला होता. ही आठवण फ्रोडोला सांगतो तो फारामिरच. नंदिग्रामात पादुका ठेवून चौदा वर्षे राज्य सांभाळणारा भरत आणि हा फारामिर एकाच नैतिक कुळातले आहेत.

भरताच्या मनात राज्याचा लोभ क्षणभरही येत नाही. म्हणून वाल्मीकींचे अयोध्याकांड नाट्यहीन झाले आहे का? सैन्यासह येणारा भरत पाहून गुहाला शंका येते, भरद्वाजही त्याला खोचक प्रश्न विचारतात, चित्रकूटावर लक्ष्मण झाडावर चढून ते सैन्य पाहतो आणि संतापतो. भरत निर्मळ आहे आणि जग त्याच्याविषयी साशंक आहे. नाट्य या दोहोंमधल्या अंतरात आहे. आधी भरताला राज्य बळकावू द्यावे आणि मग एखाद्या धक्क्याने त्याला पश्चात्ताप व्हावा, अशी दुरुस्ती कोणी सुचवली, तर आपण तिला काय म्हणू? इथिलिएनमधला सॅम नेमके लक्ष्मणाचे काम करतो. पटकथेने ही सोय हातात असून वापरली नाही.

नोव्हेंबर २००३ मध्ये आलेल्या विस्तारित आवृत्तीत फारामिरविषयीचा एक पूर्वप्रसंग जोडला आहे. पिता डेनेथॉर थोरल्या मुलाचे कौतुक करतो आणि धाकट्याला सर्वांसमक्ष झिडकारतो. डेव्हिड वेनहॅम यांनी तो अपमान फार संयमाने दाखवला आहे, आणि त्यामुळे फारामिरविषयी कणव वाटते, हे मान्य. पण इथे एक महत्त्वाची अदलाबदल होते. पित्याची नाराजी कादंबरीतही आहे. ती उफाळून येते तिसऱ्या खंडात, फारामिरने अंगठी जाऊ दिली हे कळल्यावर. म्हणजे मूळ कथेत पित्याचा रोष ही योग्य निर्णयासाठी मोजलेली किंमत आहे. चित्रपटात तो मोहाचे कारण बनतो. नीतीचा प्रश्न मानसशास्त्राचा होतो. फारामिर अंगठी का नाकारतो, या प्रश्नाची जागा तो ती का घेऊ पाहतो, हा प्रश्न घेतो. आणि त्याचे उत्तर त्याच्या बालपणात सापडते.

साहित्याच्या अध्यापनाशी याचा थेट संबंध आहे. आज अनेक विद्यार्थी चित्रपटाकडून कादंबरीकडे येतात. पात्रात बदल झाला तरच ते जिवंत, अन्यथा ते आदर्शाचे पुतळे, हे गृहीतक ते सोबत घेऊन येतात. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये केलेला सपाट आणि गोलाकार पात्रांचा भेद आपण वर्गात शिकवतो, तोही बहुधा याच गृहीतकाला जोडून. फॉर्स्टर यांची कसोटी मात्र वेगळी होती: पटेल अशा रीतीने चकित करण्याची क्षमता पात्रात आहे का? या कसोटीवर कादंबरीतला फारामिर पूर्ण उतरतो. बोरोमिरच्या भावाकडून आपण झडप घालण्याची अपेक्षा करतो आणि तो खाली बसतो. चित्रपटातला फारामिर आपण अपेक्षिले होते तेच करतो, आणि पुढे चित्रपटाला हवे म्हणून तसे करणे थांबवतो.

टॉल्किन यांनी १९४४ च्या एका पत्रात मुलाला कळवले होते की, एक नवे पात्र आपण न बोलावता इथिलिएनच्या अरण्यातून चालत आले आहे. पुढे त्यांनी असेही लिहिले की, आपल्याशी साम्य असलेले पात्र शोधायचेच झाले, तर ते फारामिरचे. पहिल्या महायुद्धात सोमच्या खंदकांत राहून आलेल्या लेखकाने युद्धाचे गौरव न मानणारा हा योद्धा लिहिला. मोहाची ताकद त्यांना ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी तो असा लिहिला, असे मानायला कसलाही आधार नाही. ज्यांच्याकडे अशा रूपांतरांचा अभ्यासक्रम असेल, त्यांनी चौथ्या भागातले फारामिर-भेटीचे प्रकरण आणि चित्रपटातला तोच प्रसंग शेजारी ठेवून शिकवावेत, आणि विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे की, यातला ताण कोणाच्या मनात आहे?