नव्या घराचा आराखडा कोणीं काढावा?

नागापूरच्या शिवारांत औद्योगिक वसाहत झाली, आणि ज्या रानांत पूर्वी ज्वारी-बाजरी डोलत होती तेथें आज गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पडून घरें उभीं राहत आहेत. कारखान्यांत राबणारा कामगार, वेल्डिंगचें दुकान टाकलेला लोहाराचा पोर, सुतार, शेताचा तुकडा विकून मुलासाठीं जागा घेणारा कुणबी, सारे येथें घर बांधूं पाहतात. जन्मांत एकदांच होणारें हें काम. त्यासाठीं पतपेढीचें कर्ज निघतें, बायकोच्या गळ्यांतली पोत जाते, म्हाताऱ्याची गांठीं बांधलेली शिल्लक सुटते. इतकें करून भिंती कोठें उभ्या राहाव्या हें मात्र घरांत राहणारा ठरवीत नाहीं, बांधणाराहि ठरवीत नाहीं. खिशांत होकायंत्र घालून येणारा तिसराच मनुष्य ठरवितो!

आमच्या एका मेहुण्यांचेंच उदाहरण घ्या. त्यांनीं नागापुरास एक गुंठा जागा घेतली. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, एकूण १०८९ चौरस फूट. रस्ता दक्षिणेस, म्हणून थोडी स्वस्त पडली. दक्षिणमुखी जागेस गिऱ्हाईक नाक मुरडतें हें सर्वांस ठाऊक आहे. गवंडी चाळीस वर्षें ओळंबा हातांत धरलेला. त्यानें एक दिवस नुसता बसून घरच्या माणसांची चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशीं चुन्याची फक्की मारून दिली. दक्षिणेस रस्त्याकडे ओसरी व दार. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यांत न्हाणी व संडास, आणि त्यांना लागूनच म्हातारीची खोली, कारण तिचे गुडघे गेलेले व रात्रींतून तीनदां उठावें लागतें. पश्चिमेच्या भिंतीला जिना. ईशान्येस स्वयंपाकघर, म्हणजे सकाळीं भाकरी थापतांना उजेड आणि तिसऱ्या प्रहरीं भिंत गार.

मग पाव्हण्यांपैकीं कोणीतरी वास्तुतज्ज्ञ आणला. त्यानें होकायंत्र फिरविलें आणि फक्की पायानें पुसली. दक्षिणेस दार म्हणजे यमाला आमंत्रण, तें पूर्वेस घ्या. पूर्वेस शेजाऱ्याची भिंत, मध्यें चार फुटांचा बोळ. गवंडी म्हणाला, “अहो, मोटारसायकल कुठून आत घेणार?” तज्ज्ञ म्हणाला, “गाडी राहू द्या बाहेर, लक्ष्मी येऊ द्या आत.” नैर्ऋत्येस संडास म्हणजे कर्त्या पुरुषाचा नाश, तो वायव्येस न्या, घराबाहेरच्या अंगास. ईशान्येस चूल म्हणजे देवांच्या डोक्यावर विस्तव, ती आग्नेयेस न्या. वडीलधारें माणूस नैर्ऋत्येस निजावें, म्हणून म्हातारीची खाट त्या कोपऱ्यांत, जेथें दुपारपासून भिंत तापते. गवंडी जातां जातां एवढेंच बोलला, “दादा, घर तुमचं. तुम्ही सांगाल तसं बांधतो. पण आईंना एकदा विचारा.” कोणीं विचारलें नाहीं. सुनेलाहि विचारलें नाहीं. तज्ज्ञानें एकवीस हजार रुपये घेतले, म्हणजे गवंड्याच्या वीसपंचवीस दिवसांच्या रोजाएवढे, आणि तो दोन तासांत निघून गेला.

दुसऱ्या पावसाळ्यांत, आषाढांतल्या एका रात्रीं, म्हातारी वायव्येच्या संडासाकडे जातांना ओल्या फरशीवरून घसरली आणि तिच्या खुब्याचें हाड मोडलें. तज्ज्ञास फोन केला. त्याचें उत्तर असें कीं ईशान्येस पाण्याची टाकी ठेवली नाहीं, त्याचा हा दोष!

बंधु-भगिनींनो, ज्या शास्त्रानें हें घडविलें तें आपणांविषयीं काय म्हणतें, हें तरी आपण वाचलें आहे काय? वराहमिहिराची बृहत्संहिता हा सहाव्या शतकांतला ग्रंथ. त्यांत वास्तुविद्येचा स्वतंत्र अध्याय आहे आणि आजचे तज्ज्ञ त्याचा मोठ्या आदरानें दाखला देतात. दाखला देतांना एक गोष्ट मात्र सांगत नाहींत. त्या अध्यायांत घराची रुंदी वर्णावर ठरविली आहे. ब्राह्मणाचें मोठ्यांत मोठें घर ३२ हात रुंद, क्षत्रियाचें २८, वैश्याचें २४, शूद्राचें २०. आणि जे त्याहूनहि हीन ठरविले, त्यांस १६ हातांच्याहि आंत. हात म्हणजे सुमारें दीड फूट. तेव्हां आमच्या मेहुण्यांच्या वाट्यास ३० फूट रुंदी येते, आणि त्यांनीं घेतलेला गुंठा ३३ फुटांचा! तीन फूट त्यांनीं शास्त्राबाहेर घेतले. होकायंत्रवाल्यानें हा दोष कां काढला नाहीं? कारण तो काढला तर गिऱ्हाईक उठून जाईल. ग्रंथांतलें जें विकतें तें घ्यावयाचें आणि जें उघडें पडेल तें झाकून ठेवावयाचें, हा दुकानदाराचा हिशेब झाला, शास्त्राचा नव्हे.

मातीचेंहि तसेंच. त्याच अध्यायांत पांढरी माती ब्राह्मणास, तांबडी क्षत्रियास, पिवळी वैश्यास आणि काळी शूद्रास चांगली म्हणून सांगितली आहे. आतां कुणब्याच्या पोरानें सांगावें, काळीवर कोणी घर बांधतो काय? आपल्या भाषेंत जमिनीचीं दोन नांवें आहेत. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. गांव पांढरीवर वसतें, मग त्यांत पाटील असो कीं तेली. काळी पावसांत फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर दोन पावसाळ्यांत भिंतीला कोपऱ्यापासून तिरपी चीर जाते. ही गोष्ट आपल्या पूर्वजांनीं कोणत्याहि संस्कृत ग्रंथावांचून ओळखली आणि गांवठाण उंचावर, पांढरीवर ठेवलें. आज गांवठाण भरलें, घरें काळीवर चाललीं. तेथें एकच उपाय, काळी ओलांडून खालीं मुरूम लागेपर्यंत पाया खणावा, किंवा जाणत्या इंजिनियरास विचारून खांब खोल न्यावे. पायांत पैसा वांचवून वास्तुशांतीस शंभर पानें वाढणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. भिंत फाटली कीं तीच माणसें ‘वास्तुदोष’ म्हणून पुन्हां त्याच माणसाकडे जातात.

आणि तो वास्तुपुरुष! कथा अशी कीं एका प्रचंड प्राण्यास देवांनीं धरून जमिनीवर पालथा पाडला, आणि ज्यानें जें अंग धरलें त्या अंगावर तो कायमचा बसला. डोकें ईशान्येस, ८१ घरें, ४५ देव. खालीं दडपलेला एक, आणि वर बसून नैवेद्य मागणारे पंचेचाळीस! शेतकऱ्यानें हें चित्र पाहून देवांचीं नांवें पाठ करण्यापेक्षां खालच्या माणसाची ओळख पटवून घ्यावी. सरकारच्या ज्या ग्रामीण घरकुल योजनेस २०१६ सालीं पंतप्रधान आवास योजना हें रूप आलें, तींत घराचें किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारें २६९ चौरस फूट ठरलें. त्याचे ८१ भाग पाडले तर एकेकास सव्वातीन चौरस फूट येतात. त्यांत देव बसवावे कीं पाण्याचा हंडा ठेवावा?

येथें कोणी शहाणा म्हणेल, “पण वास्तुशास्त्रांत वारा आणि उजेड यांचा विचार आहे, तो तरी घ्याल कीं नाहीं?” अवश्य घेऊं. नैर्ऋत्येस जड सामान ठेवा असें तें सांगतें, आणि उन्हें उतरतांना तो कोपरा भट्टीसारखा तापतो, तेव्हां तेथें माणसाऐवजीं सामान ठेवणें शहाणपणाचेंच. पण मग म्हातारीस त्याच कोपऱ्यांत निजविणारें शास्त्र तेंच ना? ऊन-वारा पाहावयाचा तर सूर्याकडे पाहा. नागापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १९ अंशांवर आहे. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस दुपारीं सूर्य थेट डोक्यावर येतो आणि मधल्या काळांत किंचित उत्तरेसच झुकतो. डिसेंबरांत तो दक्षिणेस कलून दुपारींहि सुमारें ४७ अंशांवरच राहतो. ह्याचा अर्थ काय? दक्षिणेच्या दारावर दोन फुटांचा छज्जा काढला, तर चैत्र-वैशाखांत भर दुपारीं दारावर सावली राहते आणि पौषांतल्या थंडींत कोंवळें ऊन उंबऱ्याच्या आंत येतें. घराची जी बाजू सांभाळण्यास सोपी, तिलाच ह्यांनीं यमाची ठरविली! खरी वैरीण पश्चिम आहे. तिकडचें ऊन आडवें येतें, तें छज्ज्यानें अडत नाहीं. तेथें जिना, न्हाणी, कोठीची खोली घालावी, एखादा कडुलिंब लावावा. संडास त्या अंगास घेतला तर त्याची नळी गच्चीच्या वर न्यावी, म्हणजे पावसाळी पश्चिमेचा वारा घाण आंत लोटणार नाहीं.

हें सारें आमच्या गवंड्यास ठाऊक होतें. त्याच्या वडिलांनीं माळवदाचीं घरें बांधलीं, त्यांना जाड भिंती, लहान झरोके आणि वर उजेडा-धुराला साणें ठेवलें. घर खणांवर मोजलें, तुळई मिळेल तेवढा खण. आय आणि व्यय काढून नव्हे. जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे ठेके घेत असत, दगड-चुन्याचा व्यवहार त्यांस ठाऊक होता. आणि १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणांत शेतकऱ्यास नव्या घराच्या निमित्तानें कसें नाडतात तें त्यांनीं लिहून ठेविलें. ह्याच जिल्ह्यांत, नेवासें तालुक्यांतल्या तरवडीसारख्या खेड्यांतून, मुकुंदराव पाटलांनीं ‘दीनमित्र’ साप्ताहिक चालवून हेंच घरोघर सांगितलें. फरक एवढाच झाला कीं तेव्हां पंचांग घेऊन भट येत असे. आतां आमचेच जातभाई संगणकावर नकाशा रंगवून येतात. धंदा तोच, फक्त कुळ बदललें. ह्याची आम्हांस भटापेक्षां अधिक लाज वाटते.

मग आराखडा काढावा कसा? आधीं घरांत कोण राहणार त्यांस एकत्र बसवावें, आणि बोलण्याची पाळी बायकांपासून सुरू करावी. जी दिवसाचे सहा तास ओट्यापाशीं उभी राहणार, तिला खिडकी कोठें पाहिजे हें तिच्यावांचून कोण सांगणार? म्हाताऱ्या माणसाची खाट आणि संडास ह्यांत दहा पावलांहून अधिक अंतर नको आणि मध्यें पायरी मुळींच नको. मुलीच्या अभ्यासास दिवा आणि भिंतीचा एक कोपरा तिच्या नांवाचा असावा. पाव्हणे येतात म्हणून दिवाणखाना ऐसपैस आणि पोर जिन्याखालीं, हें कशाला? विटाळाचा कोपरा म्हणून जुन्या घरांत बाईस बाहेर बसविण्याची जागा असे. ती नव्या नकाशांत कोणत्याहि नांवानें येऊं देऊं नये. कारागिराचें घर असेल तर हत्याराचा आवाज आणि धूळ निजण्याच्या खोलीपासून दूर जावी. शेतकऱ्याचें असेल तर पोतीं उतरवितांना गाडी कोठें लागेल, कांद्याला वारा कोठून लागेल, हें अगोदर पाहावें.

आणि कागदावर विश्वासूं नये. कागदावर सर्वच खोल्या मोठ्या दिसतात. जागेवर फक्की मारावी, खरी खाट आणून टाकावी, दार जेथें येणार तेथें दोन खुंट्या ठोकाव्या आणि सबंध एक दिवस त्या रेघांच्या घरांत वावरावें. सकाळीं ऊन कोठें पडतें, चार वाजतां कोठें पडतें, हें दिसतें. म्हातारीस हात धरून खाटेपासून संडासापर्यंत चालवून पाहावें. रेघ पुसायला पैसा लागत नाहीं, भिंत पाडायला लागतो.

ज्या वास्तुतज्ज्ञांस हें लिहिणें खोटें वाटत असेल, त्यांनीं बृहत्संहितेचा तो अध्याय उघडून शूद्राच्या घराची रुंदी आणि त्याच्या मातीचा रंग आम्हांस लिहून पाठवावा. आम्ही तें पत्र जसेंच्या तसें छापूं.

मेहुण्यांनीं यंदा पौषांत दक्षिणेची भिंत फोडून दार काढलें. गवंडी तोच, त्यानें एका दिवसाचा रोज घेतला आणि मागचें कांहीं बोलला नाहीं. संडास हलवावयास मात्र पैसा उरला नाहीं. कर्जाचे हप्ते अजून नऊ वर्षें आहेत. तूर्त रात्रीं म्हातारीच्या खाटेखालीं भांडें ठेवतात, आणि पहांटे सून तें चार फुटांच्या बोळांतून बाहेर नेते.