जॅक उचलायला असतो, धरायला नाही

आमच्या घरी एक जुनी मारुती 800 आहे. 2007 सालची. अब्बांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. पंधरा वर्षे झाली तेव्हा आरटीओत जाऊन फेरनोंदणी करून घेतली आणि तिचे आयुष्य आणखी पाच वर्षांनी वाढवले. आता अब्बा नाहीत. पण अम्मींना दवाखान्यात न्यायचे असो की खालाकडे कोंढव्याला जायचे असो, कामाला तीच येते. बुधवार पेठेत राहणाऱ्याला गाडी म्हणजे तशी डोकेदुखीच. एका अंगाला पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची गर्दी, दुसऱ्या अंगाला अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांची. पण आमच्या वाड्याच्या फरसबंदी चौकात एक छोटी गाडी उभी राहील एवढी जागा आहे आणि घरमालकांची मेहरबानीही आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या आधी ही गाडी बोलू लागली. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवले की पुढच्या डाव्या चाकातून 'कट-कट-कट' असा आवाज यायचा. सरळ रस्त्याला लागली की गप्प. मुलांचे अब्बू म्हणाले, "टायरमध्ये खडा अडकला असेल." टायर तपासले, खडा नव्हता. आवाज रोज थोडा वाढत होता आणि आम्ही रोज थोडे बहिरे होत होतो. असे दोन महिने गेले.

मग एके दिवशी गल्लीत एका दुकानदाराची स्कूटर दुरुस्त करायला आलेल्या तरुणाने हाक मारली, "टीचर, ओळखलं का?" चेहरा ओळखीचा वाटला, नाव आठवायला वेळ लागला. आमच्या वर्गातला, नववीत शाळा सोडून गेलेला मुलगा. आता चोवीस-पंचवीसचा असेल. गाडीचा विषय निघाला तसा तो फरशीवर आडवा झाला, चाकामागे हात घातला आणि काळे बोट बाहेर काढून दाखवले. "टीचर, बूट फाटलाय. ग्रीस सगळं चाकाला उडालंय. एक्सल गेला."

गॅरेजमधली माणसे ज्याला एक्सल म्हणतात तोच ड्राइव्ह शाफ्ट. गिअरबॉक्समधून निघालेली ताकद चाकापर्यंत पोहोचवणारा लोखंडी दांडा. अ‍ॅम्बेसेडर किंवा पद्मिनी आठवा. त्या गाड्यांत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. मध्ये लांबलचक दांडा आणि त्याला 'क्रॉस'. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली तिच्यात पुढचीच चाके ओढणारी आणि पुढचीच वळणारी. म्हणजे दांड्याने फिरायचेही, चाकाबरोबर वाकायचेही आणि खड्ड्यात खालीवरही व्हायचे. साधा क्रॉस जास्त वाकला की त्याची गती एका फेऱ्यात कमी-जास्त होते, चाक हिसके देते. त्यावर उपाय म्हणजे सीव्ही जॉइंट. एका वाटीत सहा पोलादी गोळ्या आणि त्यांच्यासाठी वाकड्या खोबणी. दांडा कितीही वाकला तरी गोळ्या नेमक्या मधल्या पातळीत राहतात आणि चाक एकसारखे फिरते. आल्फ्रेड झेपा नावाच्या अभियंत्याने 1920 च्या दशकात हा जॉइंट बनवला. 1959 साली इंग्लंडच्या छोट्या मिनी गाडीत तो बसला आणि पुढे जगभरच्या लहान गाड्यांत पसरला.

या गोळ्यांना जपतो तो भात्यासारख्या घड्यांचा रबरी बूट. आत ग्रीस, बाहेर धूळ-पाणी, मध्ये हे रबर. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडते, रेती आत जाते आणि खोबणी झिजतात. तीच ती कट-कट. वेळीच पाहिले असते तर काहीशे रुपयांच्या बुटावर आणि ग्रीसवर भागले असते. दोन महिने कानावर हात ठेवल्यामुळे आता काही हजारांचा पूर्ण शाफ्ट आणणे आले.

"गॅरेजला नेऊ नका, टीचर. मी इथंच चौकात बसवून देतो. तुम्ही पार्ट तेवढा आणा," तो म्हणाला. आमचा मुलगा अकरावीची परीक्षा देऊन रिकामा होता, त्यालाही हाताखाली घ्यायचे ठरले. मे महिन्यातला एक मंगळवार पक्का झाला.

आदल्या दिवशी आम्ही दोघे नाना पेठेत स्पेअर पार्टच्या बाजारात गेलो. दुकानदाराने विचारले, "डावा की उजवा?" मुलांच्या अब्बूंनी डोळ्यांसमोर गाडी आणली, तिच्यासमोर उभे राहिले आणि ठामपणे म्हणाले, "उजवा." आम्हीही मान हलवली. मंगळवारी फजरनंतर तो आला, खोक्यावर नजर टाकली आणि हसला. "टीचर, हा ड्रायव्हर साइडचा आहे. गाडीचा डावा-उजवा सीटवर बसून बघायचा, समोर उभं राहून नाही." दोन्ही बाजूंच्या शाफ्टची लांबी वेगळी असते, एकाच्या जागी दुसरा बसत नाही. वर्गात नकाशा शिकवताना 'कुठे उभे आहात ते आधी ठरवा' असे आम्ही दर वर्षी सांगतो. तो धडा त्या सकाळी आम्हाला परत मिळाला. दुकान उघडायच्या वेळी मुलाला बदलून आणायला पाठवायचे ठरले आणि तोवर जुना शाफ्ट काढायचा.

पण काम लगेच सुरू झाले नाही. त्याने विचारले, "स्टँड कुठाय?" आमच्याकडे डिकीतला जॅक होता. तो म्हणाला, "जॅक उचलायला असतो, धरायला नाही." एवढ्याशा कामाला कशाला, असे मुलांचे अब्बू म्हणाले, तर तो खाली बसून राहिला. शेवटी तो स्वतःच ओळखीच्या गॅरेजमधून दोन लोखंडी स्टँड घेऊन आला. तोवर सव्वा तास गेला.

मग त्याने एकेक पायरी मुलाला सांगत काम केले. घरी असे काम करू पाहणाऱ्यांसाठी ती इथे लिहीत आहोत. जमीन सपाट आणि टणक हवी, माती किंवा उतार नको. हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना दगड लावायचे. हबचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा, कारण त्याला लागणारा जोर गाडी वर असताना लावला तर गाडी हलते. मग जॅकने उचलायची, बॉडीच्या मजबूत भागाखाली स्टँड लावायचे, गाडी त्यांच्यावर टेकवायची आणि हाताने हलवून पाहायची. काढलेले चाक आडवे करून गाडीखाली सरकवायचे. सगळे फसलेच तर गाडी माणसावर न पडता चाकावर पडेल.

पुढे गिअरबॉक्सचे ऑइल भांड्यात काढायचे, नाहीतर शाफ्ट निघताच ते फरशीवर येते. खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवला की हब बाहेरच्या बाजूला ओढता येतो. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारताना नट दोन आट्यांवर ठेवूनच मारायचा, म्हणजे आटे चेपत नाहीत. आतले टोक गिअरबॉक्समध्ये एका बारीक रिंगेने अडकलेले असते, ते टॉमीने उचकटायचे. दांडा धरून ओढायचा नाही, ओढला तर आतला जॉइंटच सुटून हातात येतो.

साडेअकराला मुलगा बरोबर शाफ्ट घेऊन आला. जुना आणि नवा शेजारी ठेवून त्याने लांबी जुळवली आणि मुलाला दोन्हींचे दाते मोजायला लावले. गिअरबॉक्सचे सील नवे टाकले, त्याच्या ओठाला ऑइलचे बोट फिरवले आणि शाफ्ट सरळ रेषेत आत ढकलला. 'खट्' असा आवाज आला. "रिंग बसली. आता जॉइंट धरून हलकेच ओढून बघ," तो मुलाला म्हणाला. शाफ्ट हलला नाही.

उरला हबचा नट. तोही नवाच घेतला होता. जुन्या बाजारात मिळालेले दुरुस्तीचे इंग्रजी पुस्तक आमच्याकडे होते. किती जोराने आवळायचा ते आम्ही त्यातून वाचून सांगितले. चाक बसवून गाडी खाली घेतल्यावर त्याने आधी आपल्या हाताच्या अंदाजाने नट आवळला, मग गॅरेजमधून आणलेला मापाचा पाना लावला. पाना 'टक्' होईपर्यंत नट आणखी थोडा फिरला. त्याने पुस्तकाकडे पाहिले. "हाताला वाटलं झालं, पुस्तक म्हणतंय अजून. टीचर, हे मला वाचता आलं असतं तर बरं झालं असतं."

आम्ही काही बोललो नाही. सकाळपासून आमची नजर त्याच्या डाव्या हाताकडे जात होती. करंगळीचे टोक नव्हते. चहा पिताना मुलाने विचारलेच. तो सोळा वर्षांचा असताना एका गॅरेजमध्ये, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली काम करत होता. जॅक सरकला. "करंगळीवर निभावलं. अल्लाहचा शुक्र," तो म्हणाला आणि कप खाली ठेवला.

त्याला आठवत असेल की नाही या विचारात आम्ही सकाळपासून होतो. नववीत असताना गृहपाठ न केल्याबद्दल त्याला उभे करून आम्ही सगळ्या वर्गासमोर म्हणालो होतो, "तू गॅरेजमध्ये पानेच उचलणार." वर्ग हसला होता. काही महिन्यांनी तो शाळेत यायचा बंद झाला. घरची परिस्थितीही होती, हे खरे. पण आम्ही त्याच्या घरी विचारायला गेलो नाही, हेही खरे. त्या दिवशी आम्ही त्याला म्हणालो, "तेव्हा तुला जे बोललो, ते बोलायला नको होतं." तो हसला. "आठवतं ना, टीचर. खोटं कुठं होतं?"

खोटे नव्हते, पण पाने उचलणे हे शिक्षेसारखे सांगितले, तिथे आमची चूक होती. त्या सकाळी आमच्या चौकात जे चालले होते त्यात मोजमाप होते, कार्यकारण होते, चूक पकडण्याची शिस्त होती. आम्ही वर्गात हेच शिकवायचा प्रयत्न करतो. आणि त्याच्याकडे जे नव्हते, म्हणजे पुस्तक वाचून आपला अंदाज तपासणे, ते देणे आमचे काम होते. हे मुलाला शाळेत मिळायला हवे, मग तो गॅरेजमध्ये जावो की ऑफिसात.

दुपारी ऑइल भरून, स्प्लिट पिन लावून गाडी बाहेर काढली. संध्याकाळी मोकळ्या मैदानावर स्टिअरिंग पूर्ण फिरवून सावकाश गोल फेऱ्या मारल्या, आधी उजवीकडे, मग डावीकडे. आवाज गेला होता. शंभरेक किलोमीटरनंतर नट आणि सील पुन्हा पाहायला त्याने सांगितले. पाहिले, ऑइलचा थेंबही नव्हता.

मजुरीचे पैसे तो घेईना. शेवटी म्हणाला, "टीचर, एका मोठ्या सर्व्हिस स्टेशनमध्ये जागा होती. काम करून दाखवलं, पसंत पडलं. पण दहावीचं सर्टिफिकेट मागितलं." मग आम्ही त्याच्या अम्मींकडून शाळा सोडल्याचा दाखला शोधून काढला. बाहेरून दहावीला बसण्यासाठी राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म असतो. त्याच्या तारखा मंडळ दर वर्षी जाहीर करते आणि अर्ज परीक्षेच्या कितीतरी महिने आधी भरावा लागतो. त्याचा अर्ज भरला. मजुरीही दिली, पूर्ण दिली. आता आठवड्यातून दोन संध्याकाळी तो आमच्याकडे येतो. गणित त्याला पटकन कळते, इंग्रजीला घाबरतो. आमचा मुलगा त्याला इंग्रजी शिकवतो आणि बदल्यात ब्रेक खोलायला शिकतो. पास होईल की नाही ते परीक्षेनंतर कळेल.

वाचकहो, आपल्या घरांतली, नात्यातली कितीतरी मुले गॅरेजमध्ये काम करतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणे कायद्याने गुन्हा आहे, हे आधी लक्षात घ्या. मोठा मुलगा जात असेल तर एकदा स्वतः गॅरेजमध्ये जाऊन पाहा. गाडीखाली स्टँड असतात का? पायात बंद बूट असतात का? उस्ताद काम शिकवतो की नुसते राबवतो? आणि दहावी राहिली असेल तर 17 नंबरच्या फॉर्मची चौकशी करा. दहावी झाली तर औंधच्या सरकारी आयटीआयसारख्या संस्थेत मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. हातातल्या कामाला तिथे कागदाची जोड मिळते.

आणि तुमच्या गाडीच्या पुढच्या चाकातून वळताना कट-कट येत असेल, तर आजच खाली वाकून बूट पाहा. आमच्यासारखे दोन महिने थांबू नका.