बेल कर्व्ह आणि कॅन्सर

अप्रेझलचा सीझन चालू आहे, म्हणून उदाहरण तिथूनच घेतो. समजा टीममधले दहाच्या दहा जण झकास काम करतात. तरी वरून फतवा येणार, बेल कर्व्हमध्ये बसवा! मग एखादा बिचारा उगाचच 'सरासरीपेक्षा कमी' ठरतो. त्याचं काम तेच असतं, फक्त शेजारी तगडे असतात. उलट बाजूने, वासरात लंगडी गाय शहाणी, हेही आपण रोज बघतोच.

हा प्रकार पगारवाढीपुरताच असता तर शनिवारची सकाळ त्यावर घालवली नसती. पण हेच गणित कॅन्सरच्या वर्गीकरणातही आहे.

स्तनाचा कॅन्सर हा एकच आजार नाही. गाठीतले कुठले जीन किती जोरात काम करतायत, त्यावरून त्याचे गट पडतात, हे चार्ल्स पेरू आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये दाखवलं. २००९ मध्ये त्यातूनच ५० जीनची 'पॅम-५०' ही पद्धत आली. ल्युमिनल ए, ल्युमिनल बी, हर-टू, बेसल वगैरे प्रत्येक गटाचा एक नमुना ठरलेला. नवी गाठ ज्या नमुन्याशी सगळ्यात जास्त जुळेल, तो तिचा गट. फरक साधासुधा नाही. ल्युमिनल ए असेल तर बऱ्याचदा हार्मोनच्या गोळ्यांवर भागतं, बेसल असेल तर सहसा केमो.

आता गोम बघा. प्रत्येक लॅबचे, प्रत्येक मशीनचे आकडे वेगळे. म्हणून जुळवणी करण्याआधी प्रत्येक जीनच्या आकड्यातून सगळ्या पेशंटचा मध्यक वजा करतात. कोडची एक ओळ. आपण तिला 'डेटा क्लीनिंग' म्हणतो आणि फ्रेशरला देऊन टाकतो.

समजा अभ्यासात फक्त इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह पेशंटच घेतले. त्या रिसेप्टरचा जीन बहुतेक सगळ्यांमध्ये जोरात, म्हणजे मध्यकही वरच. तो वजा केला की अर्ध्या जणी शून्याखाली! प्रोग्रॅमला वाटतं, यांचा हा जीन थंड आहे. जुळवणीत बाकीचे जीनही असतात, म्हणून सगळ्याच काही चुकत नाहीत. पण सीमेवरच्या घसरतात आणि हर-टू किंवा बेसलमध्ये जाऊन पडतात.

खरं वाटेना म्हणून गेल्या वीकेंडला टीसीजीएचा खुला डेटा उतरवून स्वतः करून बघितलं. एकदा सगळे पेशंट घेऊन, एकदा फक्त पॉझिटिव्ह. काही जणींची लेबलं बदलली. गाठ तीच, मूळ आकडे तेच. एरर नाही, साधी वॉर्निंगसुद्धा नाही. आणि एकटीच पेशंट असेल तर? तिचा मध्यक म्हणजे तीच. वजा करा, सगळीकडे शून्य.

तुम्ही म्हणाल, मग नॉर्मलायझेशनच नको. छे! मग मशीनमधला फरकच आजाराचा प्रकार म्हणून मिरवेल. पट्टी हवीच, पण ती दर वेळी नव्याने कापलेली नको. याच ५० जीनवरच्या 'प्रोसिग्ना' टेस्टला २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळाली. तिच्यात पेशंटच्या नमुन्यांबरोबर एक ठरलेला संदर्भ नमुनाही चालवतात, शिवाय सहसा न बदलणारे काही जीन तुलनेला असतात. म्हणजे बाई रांगेत कोणाशेजारी उभी आहे यावर तिचं उत्तर ठरत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की ती वजाबाकीची ओळ हा निदानाचाच भाग आहे. ती कुठल्या पेशंटवर बेतली, कधी गोठवली, कुठलं व्हर्जन, हे निकालाइतक्याच ठळकपणे छापलं पाहिजे. पगाराच्या स्लिपवर आपण प्रत्येक कपात तपासतो. इथे तर प्रश्न केमोचा आहे.

पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "अल्गोरिदमने अमुक प्रकार सांगितलाय," तर एकच विचारा: कोणाच्या तुलनेत?

असो. चहा गार झाला.