बागेत भौतिकशास्त्राचे काय काम?

वनस्पती उद्यान म्हणजे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांची जागा, असा समज आपल्या शाळा-कॉलेजांत पक्का बसला आहे. सहल निघते ती जीवशास्त्राच्या बाईंबरोबर. आम्ही भौतिकशास्त्राची मंडळी वर्गातच राहतो. मला हे मुळीच पटत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब कोलकात्याला गेलो होतो. हुगळीपलीकडे, हावड्यातील शिबपूर येथे १७८७ साली स्थापन झालेले प्रसिद्ध वनस्पती उद्यान आहे. अकरावीतल्या आमच्या कन्येने फाटकातच बजावले, "बाबा, मी जीवशास्त्र सोडलंय. झाडांची नावं विचारायची नाहीत!" गंमत अशी, की २००९ पासून या उद्यानाला नाव आहे ते आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे, म्हणजे भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाचे. विद्युतचुंबकीय लहरींवर मोलाचे काम केल्यावर बोस वनस्पतींकडे वळले आणि रोपाची सूक्ष्म वाढ कित्येक पटींनी मोठी करून दाखवणारे 'क्रेस्कोग्राफ' हे उपकरण त्यांनी तयार केले. त्यांनी कोणता विषय 'सोडला' होता?

तेथल्या तळ्यात व्हिक्टोरिया नावाचे प्रचंड कमळ आहे. पाने परातीसारखी, कड वर वळलेली. समजा, पानाचा व्यास दीड मीटर आहे. क्षेत्रफळ झाले सुमारे १.७७ चौरस मीटर. असे पान पाण्यात फक्त एक सेंटिमीटर खाली गेले, तरी पावणेअठरा लिटर पाणी बाजूला सारते. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तेवढ्यावर पावणेअठरा किलो भार तोलला जातो! म्हणजे तरंगणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते न वाकणे, न फाटणे. त्यासाठी पानाच्या खालच्या अंगाला जाड शिरांची आडवी-उभी चौकट असते. १८४९ मध्ये इंग्लंडमध्ये हे कमळ फुलवणाऱ्या जोसेफ पॅक्स्टनने आपल्या लहान मुलीला या पानावर उभे केले होते. पुढे १८५१ मध्ये त्याने काचेचा 'क्रिस्टल पॅलेस' उभारला.

येथला वटवृक्ष तर अडीचशे वर्षांहून जुना. १८६४ व १८६७ च्या वादळांत त्याला इजा झाली, बुरशी लागली आणि १९२५ मध्ये मूळ खोडच काढून टाकावे लागले. तरीही झाड जिवंत आहे! मे २०२० च्या अम्फान वादळाने त्याची पुन्हा हानी केली. आडव्या फांदीची लांबी दुप्पट झाली, जाडी तीच राहिली, तर स्वतःच्या वजनाने तिच्या मुळाशी येणारे आघूर्ण चौपट होते. फांदी मोडायचीच. पण वड तिला पारंब्यांचे खांब देत जातो. असे खांब येथे तीन हजारांवर आहेत. कन्या दोन पारंब्यांमधले अंतर पावलांनी मोजू लागली, तेव्हा सौभाग्यवतींना चहाची आठवण झाली. पण आणखी अर्धा तास काही आम्ही हललो नाही.

उद्यानातल्या पाट्यांवर झाडाचे नाव, कुळ आणि मूळ देश असतो. तो वहीत उतरवला, की सहल सफल! शिक्षकांना माझी विनंती आहे, की पुढच्या खेपेस भौतिकशास्त्राच्या सरांनाही बरोबर न्या. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही वहीबरोबर मोजपट्टी, सुतळी आणि एक तापमापक घ्या. शिबपूर लांब आहे, पण वड तुमच्या गावातही असेल. भर दुपारी त्याच्या सावलीतले आणि पत्र्याच्या शेडखालचे तापमान मोजा. सावली दोन्हीकडे आहे. मग फरक का पडतो, हे आपल्या सरांना विचारा.