पंप गेलाय!

‘पंप गेलाय!’ हे दोन शब्द उच्चारायला आपल्याकडे कसलीच पात्रता लागत नाही, आणि माझं भांडण नेमकं तिथंच आहे. (पंप म्हणजे रांग लावायचा तो नव्हे, टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत ढकलणारा, गाडीतला.) माणूस आजारी पडला तर डॉक्टर निदान नाडी तरी धरतात. मोटारीचं मात्र बॉनेटही उघडायच्या आधी, हातातला चहाचा कप खाली न ठेवता, लोक तिच्या पंपाचा मृत्यूचा दाखला लिहून मोकळे होतात.

हे शहाणपण पद्मिनीच्या काळातलं. तिचा पंप इंजिनालाच चिकटलेला असे. आत रबरी डायफ्राम. तो फाटला की पेट्रोल बंद. मालक नळी सुटी करायचा, आतून वहिनी सेल्फ मारायच्या, आणि चिळकांडी उडाली तर पंप शाबूत, नाही तर गेला. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात गेली. चिळकांडी काही डोक्यातून जात नाही. आजच्या इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत पंप विजेचा, तोही टाकीच्या पोटात बसवलेला, आणि नळीतला दाब बहुधा तीन-चार बार, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दीडपट तरी. तिथं नळी उपसून चिळकांडी बघायला जाल तर गाडीबरोबर भुवयाही जातील. कृपा करून हा प्रयोग करू नका.

करायचं ते बिनपैशाचं आहे. सेल्फच फिरत नसेल तर पंपाला शिव्या देऊ नका, बॅटरी बघा. सेल्फ फिरतोय पण इंजिन पेटत नाही, तर आधी टाकीत पेट्रोल आहे का ते बघा. काटा खोटं बोलू शकतो. मग सेल्फ न मारता किल्ली नुसती ‘ऑन’ करा आणि कुणाला तरी मागच्या सीटला कान लावायला सांगा. पंप जिवंत असेल तर बहुतेक गाड्यांत तो दोनेक सेकंद गुणगुणतो आणि गप्प बसतो. गुणगुणला म्हणजे ठणठणीत आहे असं नव्हे. दाब पुरेसा आहे की नाही, हे मीटर लावल्याशिवाय कळत नाही. आणि गुणगुणला नाही म्हणजे मेला असंही नव्हे. फ्यूज उडाला असेल, रिले बिघडला असेल.

परवा माझ्या गाडीभोवती सोसायटीतले पाच तज्ज्ञ जमले होते. पाचही जणांचा निकाल एकच. एकाने टाकीला खालून ठोकायचा सल्ला दिला. (यात तथ्य आहे. अडकलेली मोटर रबरी हातोडीच्या ठोक्याने कधी कधी फिरते, पण मग पंप खरंच जाणार हे नक्की.) मी फ्यूज पाहिला, ठीक होता. पंपाचा रिले काढून तिथं हॉर्नचा बसवला, दोन्ही एकाच जातीचे होते. गाडी सुरू झाली. हॉर्न वाजेना. आपल्या रस्त्यावर हॉर्न न वाजवता धावणारी ती एकमेव गाडी ठरली असती.

गॅरेजमध्ये यावर ठरलेलं वाक्य असतं, “साहेब, नवीन टाकून बघू.” टाकायचा तुम्ही, पैसे मोजायचे मी, मग ‘बघू’ हे अनेकवचन कुठून आलं? एकटा पंप मिळतोच असंही नाही. बऱ्याच गाड्यांत काट्याच्या तरंगत्या गोळ्यासकट अख्खा संच गळ्यात पडतो. टाकल्यावर कळतं की दोष रिलेत होता, आणि तोवर जुना पंप कुठं गेला ते कुणालाच ठाऊक नसतं.

पण मेस्त्रींचा दोष निम्माच. डॉक्टर ‘काही झालेलं नाही’ म्हणाले तरी आपण हसतमुखाने फी देतो. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीला एका मेस्त्रीने अर्धा तास खपून सैल झालेली एक वायर घट्ट केली आणि दोनशे रुपये मागितले. शेजारी अजून जिन्यात भेटले की सांगतात, “दोनशे! आणि टाकलं काय? काही नाही!”