कोण जिंकेल आणि कोणी जिंकावे

ऑस्कर पारितोषिकांची नामांकने दरवर्षी जाहीर झाली की जगभरच्या वृत्तपत्रांत भाकितांचा हंगाम सुरू होतो. चित्रपटसमीक्षक अशा वेळी दोन याद्या देतात. एक 'कोण जिंकेल' याची आणि दुसरी 'कोणी जिंकावे' याची. या दोन याद्या क्वचितच जुळतात आणि त्या निरनिराळ्या ठेवण्यात प्रामाणिकपणाच असतो. मात्र अलीकडे पहिल्या यादीचे महत्त्व इतके वाढले आहे की दुसरीची कोणी फारशी दखल घेत नाही. हा प्रकार केवळ करमणुकीपुरता राहिलेला नाही, म्हणून त्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

जॉन मेनार्ड केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शेअरबाजाराची रीत समजावून देताना वृत्तपत्रांतील एका स्पर्धेचा दाखला दिला होता. शंभर छायाचित्रांतून सर्वांत सुंदर असे सहा चेहरे निवडायचे. ज्याची निवड सर्व स्पर्धकांच्या सरासरी निवडीशी अधिकात अधिक जुळेल, त्याला बक्षीस. अशा स्पर्धेत शहाणा माणूस स्वतःला सुंदर वाटणारा चेहरा निवडत नाही. इतरांना कोणता आवडेल, किंबहुना इतरांना कोणता आवडेल असे इतरांना वाटते, याचा तो अदमास घेतो. ऑस्करची भाकिते याच जातीची आहेत. त्यांचा विषय चित्रपट नसून मतदार हा आहे.

हे मतदारांचे शास्त्र बरेच प्रगत झाले आहे. निर्माते, दिग्दर्शक आणि नट यांच्या संघटना ऑस्करपूर्वी आपापली पारितोषिके देतात. या संघटनांचे अनेक सभासद अकादमीचेही सभासद असल्यामुळे त्यांचा कौल ऑस्करचा कल दाखवतो. शिवाय सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २०१० च्या समारंभापासून पसंतीक्रमाची पद्धत आहे. कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर तळाचा चित्रपट बाद करून त्याची मते पुढच्या पसंतीकडे वळवतात. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीची पद्धत याच धर्तीची आहे. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी यांच्या विजयाचा निर्णय दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावरच लागला होता. या पद्धतीत काहींना अतिशय आवडणाऱ्या आणि काहींना मुळीच न आवडणाऱ्या चित्रपटापेक्षा बहुतेकांना बऱ्यापैकी आवडणारा चित्रपट पुढे जाण्याचा संभव अधिक. भाकीत करणाऱ्याला हे गणित कळले पाहिजे. चित्रपट त्याने पाहिलाच पाहिजे असे मात्र नाही!

इतके असूनही भाकिते चुकतात. २००६ साली 'ब्रोकबॅक माउंटन'ला निर्मात्यांच्या आणि दिग्दर्शकांच्या संघटनांनी गौरवले होते. ऑस्कर मिळाले ते 'क्रॅश'ला. २०२० साली याच दोन संघटनांचा कौल '१९१७' या युद्धपटाला होता. जिंकला तो 'पॅरासाइट' हा कोरियन चित्रपट. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवणारा इंग्रजीखेरीज अन्य भाषेतला तो पहिलाच चित्रपट होय.

ज्या मतदारांच्या मनाचा एवढा ठाव घेतला जातो, ते तरी सर्व चित्रपट पाहतात काय? एखाद्या विभागातील सर्व नामांकित चित्रपट पाहिल्याखेरीज त्या विभागात अंतिम मत देता येणार नाही, असा सर्व विभागांना लागू होणारा नियम अकादमीने केला तो २०२५ साली. पहिला समारंभ १९२९ चा. म्हणजे एवढी साधी अट सर्वत्र लागू व्हायला जवळजवळ शतक जावे लागले. तेव्हा निकालाला गुणवत्तेचे अंतिम प्रमाणपत्र समजण्याचे कारण नाही. 'सिटिझन केन'ला १९४२ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मिळाले नाही. आल्फ्रेड हिचकॉकना दिग्दर्शनाचे ऑस्कर कधीच लाभले नाही. सत्यजित राय यांच्या एकाही चित्रपटाला ऑस्करचे नामांकन नव्हते. १९९२ साली सन्मानाचे ऑस्कर आले तेव्हा ते कलकत्त्याच्या रुग्णालयात मृत्युशय्येवर होते. त्यांची थोरवी ज्यांनी चार दशके सांगितली, ते भाकिते करीत नव्हते. आपल्याला काय दिसले आणि ते का मोलाचे वाटले, हे ते सांगत होते.

भारतातून ऑस्करसाठी दरवर्षी एक चित्रपट धाडला जातो आणि तेथे हा प्रश्न थेट आपल्या दाराशी येतो. २०२४ साली फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाच्या समितीने किरण राव यांचा 'लापता लेडीज' निवडला. त्याच वर्षी पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ने कान महोत्सवात ग्रां प्री हा मान मिळवला होता. मुंबईतील परिचारिकांची ही कथा रत्नागिरीच्या किनाऱ्यापर्यंत जाते. आमच्या छाया कदम दोन्ही चित्रपटांत आहेत. कपाडियांचा चित्रपट भारतात घडणाऱ्या युरोपीय चित्रपटासारखा वाटला, असे समितीचे मत फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितले. टीकाकारांचे म्हणणे असे की, कानचा मानकरी धाडला असता तर संधी अधिक होती. म्हणजे एक बाजू भारतीयत्वाचा शिक्का तपासत होती, तर दुसरी जिंकण्याची शक्यता मोजत होती. या दोहोंत सरस कृती कोणती आणि का, हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. पुढे 'लापता लेडीज' पंधरा चित्रपटांच्या यादीतही आला नाही. दुसरा चित्रपट जिंकला असता, असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु गुणांवर विश्वास ठेवून निवड केली, तर हरल्यावरही ती निवड समर्थनीय राहते. केवळ अंदाजावर केलेली निवड अंदाज चुकला की निराधार होते.

मराठी माणसाला याचा अनुभव आहे. १९५४ साली 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर पन्नास वर्षांनी 'श्वास'ने राष्ट्रीय पारितोषिकांत तोच सर्वोच्च मान मिळवला आणि २००४ साली तो भारतातर्फे ऑस्करसाठी गेला. तेथील प्रचाराचा खर्च भागवण्यासाठी लोकांनी पैसे उभे केले. नामांकन मिळाले नाही. परंतु ज्यांनी पैसे दिले त्यांनी जिंकणाऱ्या घोड्यावर पैज लावली नव्हती. आपल्याला भावलेल्या कृतीच्या पाठीशी ते उभे राहिले होते. म्हणूनच त्या पराभवाने 'श्वास' कोणाच्या मनातून उतरला नाही.

भाकीत करण्यात गैर काही नाही. तो बुद्धीचा एक खेळ आहे. परंतु त्याची सवय मनाला जडली की माणूस परीक्षेत काय येईल तेवढेच वाचतो आणि जो निवडून येईल त्यालाच मत देतो. भाकिताचा खरेखोटेपणा एका रात्रीत ठरतो. आवडीला मात्र कारणे द्यावी लागतात, त्यासाठी चित्रपट पाहावा लागतो आणि प्रसंगी एकटे पडण्याची तयारी ठेवावी लागते. पुढच्या वेळी दोन याद्या समोर येतील तेव्हा वाचकांनी दुसरी यादी आधी वाचावी आणि शक्य झाल्यास स्वतःची एक तयार करावी.