देवनागरीचा वेग कोण राखतो?

मोबाइलच्या पडद्यावर मराठी बातमी वाचताना ‘आर्थिक’ हा शब्द डोळ्यांखालून सहज निघून जातो, आणि तो तेथे उमटावा म्हणून यंत्राला केवढा खटाटोप करावा लागला याची वाचकाला कल्पनाही येत नाही. संगणकाच्या स्मृतीत हा शब्द आ, र, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी आणि क अशा सहा चिन्हांच्या क्रमाने साठविलेला असतो. परंतु पडद्यावर येताना ‘थ’नंतर नोंदलेली वेलांटी ‘थ’च्या आधी आणून बसवावी लागते, आणि त्याच्याही आधी नोंदलेल्या रकाराचा रफार करून तो वर चढवावा लागतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील समुद्र आणि दरी यांचे अंतर तर केवळ रकाराच्या आकृतीवर तोललेले आहे. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि लिबर ऑफिस यांमध्ये ही अक्षरजुळणी जी एकच सामायिक ओपन सोर्स लायब्ररी करते तिचे नाव हार्फबझ. बेहदाद एस्फाहबोद हे तिचे प्रमुख शिल्पकार. मूळचे इराणचे, पुढे कॅनडावासी झालेले. त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या परिश्रमाचे हे फळ कोणालाही विनामूल्य वापरता येते, तपासता येते आणि सुधारताही येते.

अशा लायब्ररीचा वेग ही सार्वजनिक संपत्ती आहे आणि तिची निगा राखणे हे सार्वजनिक कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्या कंपनीच्या खाजगी प्रोग्राममध्ये एक क्रिया अनावश्यक झाली तर तिचा भुर्दंड त्या कंपनीला आणि तिच्या ग्राहकांना बसतो; पण जी लायब्ररी अब्जावधी उपकरणांत प्रत्येक ओळ जुळवीत बसलेली आहे, तिच्यातील तीच हयगय प्रत्येक पानाबरोबर, प्रत्येक फोनवर पुन्हा पुन्हा वसूल केली जाते. आणि ही वसुली समन्यायी नसते. ज्याच्या हातात या वर्षीचा महागडा फोन आहे त्याला ती जाणवत नाही. ज्याने जुना, स्वस्त, थोड्या स्मृतीचा फोन घेतला आहे, त्याची बॅटरी मात्र दुपारीच संपते आणि पान सरकविताना अडखळते.

हे लिपीच्या बाबतीत किती प्रत्यक्ष घडत होते याचा दाखला क्रोमच्या इतिहासातच आहे. त्या ब्राउझरमध्ये मजकूर मांडण्याचे पूर्वी दोन मार्ग होते. रोमन लिपीसारख्या सरळ मजकुरासाठी एक साधा आणि जलद मार्ग. आणि देवनागरी, तमिळ, अरबी यांच्यासारख्या, ज्यांत अक्षरे एकमेकांना भेटून रूप पालटतात अशा लिप्यांसाठी दुसरा, पूर्ण जुळणी करणारा आणि म्हणून संथ मार्ग. कोणाच्या मनात पक्षपात नव्हता. पण ज्या क्षणी संथ मार्ग हा ‘इतरांसाठी’ राखून ठेवला जातो, त्या क्षणी तो सुधारण्याची निकड ओसरते, हा मनुष्यस्वभाव आहे. पुढे हार्फबझ पुरेशी वेगवान झाली, एकदा जुळविलेला शब्द जपून ठेवून पुन्हा वापरण्याची तजवीज झाली, आणि मग साधा मार्गच काढून टाकून सर्व लिप्यांना एकाच मार्गावर आणण्यात आले. त्याचा लाभ रोमन लिपीलाही झाला, कारण साध्या मार्गावर तिची जोडाक्षरे आणि अक्षरांमधील सूक्ष्म अंतरे यांकडे दुर्लक्ष होत असे. भाषिक समतेसाठी आपण ठराव पुष्कळ केले. पण येथे ती समता कोड वेगवान केल्यामुळे साधली गेली, आणि या गोष्टीचा मला मनापासून आदर वाटतो.

हा वेग येतो कोठून? अधिक शक्तिमान यंत्रातून नव्हे. फाँटमध्ये अक्षराकृती पालटण्याचे शेकडो नियम असू शकतात आणि प्रत्येक नियमाला, तो कोणकोणत्या आकृतींना लागू पडतो, याची यादी जोडलेली असते. समोरच्या शब्दासाठी प्रत्येक नियमाची यादी धुंडाळत बसणे हा सरळ पण खर्चिक शिरस्ता झाला. हार्फबझने प्रत्येक यादीचा गोषवारा तीन लहानशा बिट-मुखवट्यांत करून ठेवला. जुन्या कचेरीतील जाणता दप्तरदार रुमाल सोडण्यापूर्वी वरची चिठ्ठी वाचतो, तसे येथे आधी मुखवटा पाहिला जातो. ‘येथे नाही’ असे उत्तर मिळाले तर ते निःसंशय खरे असते आणि तो नियम तेथेच सोडून देता येतो. ‘कदाचित असेल’ असे उत्तर आले तरच यादी उघडावयाची. चूक झालीच तर ती केवळ एका अनावश्यक शोधाची होते, चुकीच्या अक्षराची कधीही होत नाही. थोड्या ओळींत मावणारी ही युक्ती मला या क्षेत्रातील उत्तम कारागिरीचा नमुना वाटते, कारण तिने वेगासाठी शुद्धतेचा एक कणही गहाण टाकलेला नाही.

याला आक्षेप असा की, यंत्रे स्वस्त आहेत, मनुष्याचा वेळ महाग आहे, आणि स्वतः संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनीच १९७४ साली अकाली वेगवृद्धीला सर्व अनर्थांचे मूळ म्हटले होते. त्या विधानाचा पूर्वार्ध सर्वांना पाठ आहे. परंतु ज्या अत्यल्प भागावर, त्यांच्या शब्दात सुमारे ३ टक्क्यांवर, सारा भार पडतो तेथील संधी दवडू नये, हा उत्तरार्ध सोयीस्करपणे गाळला जातो. सामायिक लायब्ररी हा बहुधा त्या ३ टक्क्यांतलाच प्रांत असतो. मात्र त्यांच्या इशाऱ्याचा मान राखलाच पाहिजे: आधी मोजमाप, मग बदल, आणि त्याहीपूर्वी शुद्धतेची कसोटी. हार्फबझची भारतीय लिप्यांची जुळणी सिद्ध होत असताना विकिपीडियातील शब्दांच्या प्रचंड याद्या घेऊन तिचे उत्तर मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइब या अक्षरजुळणी-प्रणालीच्या उत्तराशी शब्दागणिक ताडून पाहिले गेले. अशी कसोटी हाताशी असते तेव्हाच कारागीर निर्धास्तपणे आतली रचना बदलू शकतो. ज्याला कसोटी नाही, मोजमाप नाही आणि जो पुढच्या माणसाला वाचताही येत नाही, असा ‘वेगवान’ कोड स्वीकारण्यापेक्षा संथ कोड पुष्कळ बरा.

वेगाकडे लक्ष देणारा मनुष्य केवळ वेळच वाचवितो असेही नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसचे एक विकासक अँड्रेस फ्रॉइंड हे २०२४ साली मोजमापाच्या कामात गुंतले असताना, दूरच्या संगणकात प्रवेश करण्याच्या एसएसएच या व्यवस्थेला सुमारे ०.३ सेकंदांऐवजी ०.८ सेकंद लागत आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले. बहुतेकांनी हा अर्धा सेकंद सोडून दिला असता. त्यांनी त्याचा माग काढला, आणि एक्सझेड या संक्षेपण-लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट पेरून ठेवल्याचे २९ मार्च रोजी जगजाहीर केले. ज्या टोपणनावाने हे कृत्य झाले त्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ इमानाने काम केल्याचा देखावा केला होता; आणि तिला शिरकाव मिळाला, कारण एवढ्या महत्त्वाच्या लायब्ररीचा भार एकाच थकलेल्या स्वयंसेवकावर होता आणि त्याच्यामागे नव्या आवृत्तीचा तगादा लावण्यात आला होता.

तो एकटा का होता, हा प्रश्न पुण्या-मुंबईतील सॉफ्टवेअर कंपन्यांनाही विचारला पाहिजे. ओपन सोर्सवर आपला व्यवसाय उभा आहे. असे असता एखाद्या लायब्ररीतील दोष सापडला की तो आपल्यापुरता दुरुस्त करून मूळ प्रकल्पाकडे न पाठविण्याची रीत बेपर्वाईची आहे आणि अखेर तोट्याचीही आहे. राज्य सरकारने आपल्या निविदांत असे एक कलम घालावे की, सरकारी कामाच्या ओघात कोणत्याही ओपन सोर्स लायब्ररीत केलेली सुधारणा ठेकेदाराने ठराविक मुदतीत मूळ प्रकल्पास सादर करावी. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी आणखी एक हजेरी-पोर्टल मान्य करण्याऐवजी, अस्तित्वात असलेल्या लायब्ररीतील एका जागेचे काटेकोर मोजमाप आणि तेथील सिद्ध सुधारणा मान्य करावी.

मात्र सुधारणा पाठविणे म्हणजे उपकार करणे, ही समजूत आधी सोडली पाहिजे. ऑक्टोबर २०२० मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांना बदल पाठविण्याच्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात टी-शर्टच्या आशेने निरर्थक बदलांचा असा पूर लोटला, आणि त्यात आपले विद्यार्थीही होते, की आयोजकांना चालू महिन्यातच नियम बदलून ज्या प्रकल्पांची संमती असेल त्यांच्यापुरताच तो उपक्रम मर्यादित करावा लागला. प्रत्येक बदल कोणीतरी वाचावा लागतो, ताडावा लागतो, पुढची दहा वर्षे सांभाळावा लागतो. आणि हे काम बदल लिहिण्याहून अवघड असून त्याला प्रतिष्ठा त्याहून कमी आहे. म्हणून जी कंपनी आपल्या अभियंत्यांना सुधारणा पाठविण्यास सांगेल, तिने त्या तपासणाऱ्या मेंटेनरच्या वेतनाचा वाटाही आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात वेगळ्या खात्याखाली धरावा.